नव्या चित्रकलेतील माणूस

नव्या चित्रांच्या प्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या तोंडी बहुधा दोन उद्गार असतात. "ह्यात आहे तरी काय?" हा एक, आणि "हे सारे पाश्चात्त्यांचे अनुकरण!" हा दुसरा. पहिल्या उद्गारात प्रामाणिक गोंधळ आहे व तो समजण्यासारखा आहे. दुसरा मात्र तितकासा निरुपद्रवी नाही. तो एकदा उच्चारला की चित्राकडे पुन्हा वळून पाहण्याची गरजच उरत नाही. आणि ज्या चित्रकाराने त्या चित्रापायी घर, गाव, प्रसंगी आपल्या समाजाची मर्जीही गमावली, त्याचा निकाल चार शब्दांत लागतो.

जाणकार मंडळी ह्या प्रेक्षकाच्या मदतीला धावतात ती वादांची यादी घेऊन. दृक्प्रत्ययवाद, घनवाद, अभिव्यक्तिवाद, अतिवास्तववाद असे वादांवर वाद त्याच्या कानी पडतात, आणि तो अधिकच भांबावतो. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचून औषधाची चव कळत नाही. त्यापेक्षा एक साधा प्रश्न हाती घ्यावा: चित्रकाराने माणसाच्या आकृतीचे काय केले? गेल्या शतकातील बहुतेक चळवळींचा उलगडा ह्या एका प्रश्नाच्या वाटेने होऊ शकतो. त्यासाठी पॅरिसला जाण्याचेही कारण नाही. गोमंतकासारख्या चिमुकल्या प्रदेशाशी जन्माने वा घराण्याने बांधलेल्या चार चित्रकारांनी ह्या प्रश्नाची चार वेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांपैकी तिघे कॅथलिक घरांत जन्मले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या श्रद्धेत देवाने मनुष्यदेह धारण केला असे मानले जाते, तेथे मनुष्यदेह कसा रंगवावा हा केवळ कलाशाळेतला प्रश्न राहत नाही. तो वेदीपर्यंत जातो.

पहिले उत्तर जुन्या पिढीचे. १८७० साली जन्मलेले अँतोनियु शाव्हियेर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी शिकविले. दिसते तसे रंगवावे, छायाप्रकाशाने देहाला गोलाई द्यावी, चेहऱ्यात स्वभाव उतरवावा, ही त्यांची रीत. आपल्या कुटुंबातील स्त्रियांची त्यांनी केलेली व्यक्तिचित्रे पाहताना आजही मन शांत होते. सर्वसामान्य प्रेक्षकाला ही चित्रे 'आपली' वाटतात. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ही वास्तववादी पद्धत तरी आपल्याकडे आली कोठून? १८५७ साली स्थापन झालेल्या त्या कलाशाळेत ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे नमुने समोर ठेवून मुले हात बसवीत असत. म्हणजे ज्या पद्धतीच्या मोजमापाने आपण नव्या कलेला परकी ठरवितो, ती पद्धत स्वतःच बोटीतून उतरलेली होती. सवयीने ती घरची झाली, इतकेच.

ही सवय प्रथम मोडली ती बंगालने. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य ई. बी. हॅव्हेल ह्या इंग्रज गृहस्थाने युरोपीय नमुने बाजूस सारून विद्यार्थ्यांपुढे मोगल चित्रे ठेवली. अवनीन्द्रनाथ ठाकूर यांनी त्या वाटेने जाऊन, जपानी चित्रकारांपासून पातळ जलरंगाचे तंत्र घेतले. रंग द्यावा, कागद पाण्याने भिजवावा, पुन्हा रंग द्यावा, अशा क्रमाने चित्रावर एक धुक्याचा पडदा पसरतो. १९०५ सालची त्यांची 'भारतमाता' ह्याच पडद्यातून प्रकट झाली. स्वदेशीच्या त्या काळात ह्या चळवळीने देशाला आत्मविश्वास दिला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पुढे पुढे मात्र तिच्यात गोडवा वाढला आणि हाडे कमी झाली, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. तिच्या अनुयायांची कित्येक चित्रे एकाच स्वप्नातली वाटतात.

सांतो इस्तेव्हच्या जुवे बेटावर १९०२ साली जन्मलेले अँजेलो द फोन्सेका मुंबईस आले ते वैद्यकी शिकण्यासाठी. ती सोडून ते कलाशाळेत गेले. तेथील शिक्षणही त्यांना मानवेना. अखेर ते बंगालमध्ये अवनीन्द्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. जे त्यांना तेथे मिळाले ते त्यांनी अशा ठिकाणी लावून पाहिले की जेथे गुरूंचे लक्षही गेले नसते. त्यांची पवित्र मरिया साडी नेसून आली. तिची बसण्याची ढब आपल्या ओसरीवरच्या बायकांची, वर्ण गव्हाळ, आणि मांडीवरचे बाळ कोणत्याही शेजारघरचे. पुढे लग्नानंतर त्यांच्या पत्नी आयव्ही यांचाच चेहरा ह्या मरियेला वारंवार लाभला.

ह्यात रागावण्यासारखे काय होते? पण गोमंतक रागावला. पोर्तुगीज अमदानीत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी गोऱ्या, निळ्या झग्यातल्या सायबिणीपुढे गुडघे टेकले होते, त्यांना ही साडीतली सायबीण पाखंडी वाटली. पॅलेस्टाइनमधील एका सुताराच्या पत्नीला युरोपीय राणीचा वेष चालतो, आणि भारतीय गृहिणीचा चालत नाही, ह्यातील विसंगती त्या वेळी फार थोड्यांना जाणवली. वास्तविक गोमंतकातील कारागिरांनी हे काम कधीच करून ठेवले होते. सतराव्या शतकात तेथे घडविलेल्या हस्तिदंती मूर्तींत मेंढपाळ बाल येशू डोळे मिटून, गालाला हात लावून असा बसला आहे की पाहणाऱ्याला ध्यानस्थ बुद्धाची आठवण व्हावी. अनाम कारागिराला जे खपवून घेतले गेले, ते सुशिक्षित चित्रकाराला खपवून घेतले गेले नाही.

फोन्सेका यांना आपला प्रदेश सोडावा लागला. त्यांना आसरा दिला तो पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने. आश्रम अँग्लिकन पंथीयांचा आणि चित्रकार कॅथलिक, हाही योग विलक्षणच! मुंबईचे जेजुइट इतिहाससंशोधक फादर हेरास यांनीही त्यांना उत्तेजन दिले. पुण्यातच १९६७ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नीने जपून ठेवलेला चित्रसंग्रह गोव्यात, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सुपूर्द झाला. ज्या भूमीने चित्रकाराला ठेवून घेतले नाही, तिने चित्रे ठेवून घेतली आहेत. रेषेचा जोम त्यांत कमी पडतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु फोन्सेका यांचा विचार त्यांच्या शैलीहून मोठा होता.

आता त्याच क्रूसासमोर उभ्या राहिलेल्या एका अगदी वेगळ्या माणसाकडे वळावयाचे. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १९२४ साली साळगावचा. जन्मानंतर थोड्याच काळात वडील गेले. पाठोपाठ थोरली बहीण गेली. स्वतः सूझा देवीच्या आजारात सापडले. आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला की मुलगा वाचला तर त्याला धर्मगुरू करीन. मुलगा वाचला, तोंडावर वण घेऊन. नावात 'फ्रान्सिस' आले. धर्मगुरू होण्याचे मात्र राहून गेले. आई मुंबईस शिवणकाम करून घर चालवी. शाळेतून ह्या मुलाला काढून टाकण्यात आले, आणि जे. जे. कलाशाळेतूनही १९४५ साली राजकीय चळवळीपायी त्यांची हकालपट्टी झाली. पुढे त्यांनी लिहून ठेवले आहे की लहानपणी त्यांच्यावर चर्चच्या सिद्धांतांपेक्षा त्याच्या भव्य वास्तूचा, विधींच्या थाटाचा आणि काट्यांच्या मुकुटातील रक्तबंबाळ ख्रिस्तमूर्तीचा परिणाम अधिक झाला.

१९४७ साली सूझा यांच्या पुढाकाराने मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप' स्थापन झाला. पहिले सहा सभासद पाहिले तर ही काही कुणा श्रीमंत मुंबईकरांची हौस नव्हती, हे दिसून येते. साळगावचे सूझा, पंढरपुरात जन्मून इंदूरला वाढलेले हुसेन, हैदराबादेजवळच्या बोलारमचे, मुंबईत मोटारी धुऊन पोट भरलेले आरा, बडोद्यास जन्मलेले शिल्पकार बाकरे, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले रझा, आणि विदर्भातलेच गाडे. वास्तववादाची शाळा त्यांना नको होती, बंगालचे धुकेही नको होते. पण मग हवे होते काय?

ह्या ठिकाणी एक विचित्र योगायोग सांगितला पाहिजे. १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये काही तरुण जर्मन चित्रकारांनी एकत्र येऊन जी चळवळ सुरू केली, तिला पुढे अभिव्यक्तिवाद हे नाव पडले. दृश्याच्या सत्यापेक्षा भावनेचे सत्य मोठे. त्यासाठी चेहरा वाकडा झाला तरी चालेल, रंग भडक झाला तरी चालेल, अशी तिची धारणा. हिटलरच्या राजवटीला हे सोसले नाही. १९३७ साली म्यूनिकमध्ये 'अधःपतित कला' ह्या नावाखाली ही चित्रे हेटाळणीसाठी मांडण्यात आली. एमिल नोल्डे यांची ख्रिस्तचरित्रावरील चित्रमालिकाही त्यांत होती. आणि दैवदुर्विलास असा की नोल्डे स्वतः नाझी पक्षाचे समर्थक होते! त्याच राजवटीला पारखी झालेली काही सुसंस्कृत माणसे मुंबईच्या आश्रयाला आली. रुडॉल्फ फॉन लायडेन १९३३ सालीच आले व कलासमीक्षक झाले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर पुढे एका मोठ्या इंग्रजी दैनिकाचे कलासंचालक बनले. एमॅन्युएल श्लेसिंगर हे चित्रांचे संग्राहक. ह्या तिघांच्या घरी मुंबईच्या गरीब चित्रकारांना नव्या युरोपीय चित्रांची पुस्तके पाहावयास मिळाली, चर्चा ऐकावयास मिळाल्या, आणि प्रसंगी चित्रे विकलीही गेली. जर्मनीने जे घराबाहेर फेकले ते मुंबईने उचलून घेतले. ह्याला अनुकरण म्हणावे की आतिथ्य, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९४९ हे साल सूझा यांच्या दृष्टीने कसोटीचे ठरले. मुंबईत त्यांच्या चित्रांवर अश्लीलतेचा ठपका आला; त्याच वर्षी ते इंग्लंडला निघून गेले. तेथे काही वर्षे हलाखीत गेली. १९५५ साली 'एन्काउंटर' मासिकात त्यांचा आत्मकथनपर लेख प्रसिद्ध झाला, लंडनच्या 'गॅलरी वन'मधील त्यांचे प्रदर्शन गाजले, आणि भारतीय चित्रकाराचे नाव तेथील समीक्षकांच्या तोंडी आले.

त्यांचे १९५९ सालचे 'क्रूसारोहण' आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. फोन्सेकांचा प्रेमळ ख्रिस्त मनात घेऊन जो त्यासमोर जाईल तो दचकल्यावाचून राहणार नाही. जाड काळ्या रेषा, काटेरी कुंपणासारखे अवयव, विचकलेले दात. दया येण्याआधी भीती वाटावी असा हा चेहरा आहे. ही विटंबना आहे काय? कित्येकांना तशी वाटली. परंतु सुमारे पाचशे वर्षांपूर्वी जर्मन चित्रकार ग्र्यूनेवाल्ड याने इझेनहाइमच्या मठासाठी ख्रिस्त रंगविला तोही असाच भयानक होता. त्या मठात विषारी धान्यामुळे अंग सडलेल्या रोग्यांची शुश्रूषा होत असे, आणि चित्रातल्या ख्रिस्ताच्या कातडीवर त्यांच्यासारखेच व्रण होते. रोगी त्याच्याकडे पाहून म्हणत असेल की हा माझ्यातलाच आहे. सुंदर ख्रिस्त त्याला हे सांगू शकला नसता. सूझांच्या चित्रात व्रण आहेत ते महायुद्ध पाहिलेल्या शतकाचे, आणि देवीच्या वणांसह वाढलेल्या एका पोरक्या मुलाचेही.

तरीही सूझांचे सारेच चांगले असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी अतोनात काढले. त्यांत पुष्कळसे घाईचे आहे. त्यांच्या स्त्रीचित्रांतला कठोरपणा कित्येकदा कलेच्या गरजेपेक्षा जास्त भासतो. २००२ साली मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे नाव मोठे होते, पण चित्रांचे भाव आजच्या मानाने कितीतरी खाली होते.

सूझांनी आकृती फाडली; वासुदेव गायतोंडे यांनी ती काढूनच टाकली. तेही १९२४ सालचेच. घराणे गोमंतकीय, जन्म नागपूरचा, बालपणानंतरचे वास्तव्य गिरगावच्या चाळीत. आरंभी त्यांनीही माणसे रंगविली. पहाडी लघुचित्रांचे सपाट तेजस्वी रंग आणि पॉल क्ले ह्या स्विस-जर्मन चित्रकाराची खेळकर रेषा यांचा मेळ घालून पाहिला. १९५० साली ते प्रोग्रेसिव्ह मंडळीत आले. पण पन्नाशीचे दशक संपता संपता त्यांच्या चित्रांतून माणूस, झाड, घर सारे नाहीसे झाले. उरला रंग, आणि रंगाच्या आतून येणारा उजेड.

हा उजेड येतो कसा, ते सांगितल्याने चित्राचे गूढ कमी होणार नाही. गायतोंडे रुळाने आणि पॅलेट नाईफने रंगाचा पातळ थर देत, तो खरवडीत, त्यावर दुसरा देत. फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलीत; त्यांचे ठसे पाण्याखालच्या अक्षरांसारखे उमटून राहत. एक चित्र महिनोन्‌महिने मनात चाले, आणि वर्षाकाठी पाचसहाच पुरी होत. झेन विचार आणि रमण महर्षी यांच्याकडे त्यांचा ओढा होता. 'अमूर्त' हा शब्द त्यांना मान्य नव्हता, कारण अमूर्त म्हटले की मूर्त असे काही आधी होते व त्यातून हे काढले असा अर्थ होतो. त्यांच्या चित्रात आधी काहीच नव्हते.

"ह्यात आहे तरी काय?" हा प्रेक्षकाचा उद्गार ह्या चित्रांपुढे सर्वांत मोठा होतो. युरोपात हा प्रश्न १९१५ साली विचारला गेला, जेव्हा मालेविच ह्या चित्रकाराने पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात एक काळा चौकोन भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला. रशियन घरात त्या कोपऱ्यात पवित्र प्रतिमा लावतात. त्यामुळे त्या जागेचा अर्थ पाहणाऱ्यांना लगेच समजला. परंतु मराठी माणसाला ह्यासाठी रशियात जाण्याचे काय कारण? शेंदूर फासलेला, नाक-डोळा नसलेला तांदळा त्याच्या गावाच्या वेशीवर पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. "ह्यात आहे काय?" असे त्याला कोणी विचारीत नाही. सगुणाशेजारी निर्गुण ठेवण्याची ज्या समाजाला जन्मजात सवय, त्यानेच कॅनव्हासवरील निर्गुणाला परदेशी म्हणावे हे चमत्कारिक आहे. तांदळ्यामागे श्रद्धेचा आधार असतो व चित्रामागे तो नसतो, हे खरे. म्हणूनच चित्रासमोर पाहणाऱ्यालाच थोडे अधिक थांबावे लागते.

गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाऊन आले, १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९७२ पासून ते दिल्लीत निजामुद्दीनच्या एका गच्चीवरील खोलीत जवळजवळ एकांतवासात राहिले. १९८४ च्या अपघाताने मानेला इजा होऊन मोठी चित्रे कित्येक वर्षे बंद पडली. तेव्हा ते कागदावर लहान शाईचित्रे काढीत बसले. २००१ साली ते वारले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. २०१३ च्या डिसेंबरात त्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन मांडले. किंमत ऐकून चित्राकडे धाव घेणारा प्रेक्षक आणि किंमत ऐकून चित्राला हसणारा प्रेक्षक, दोघेही चित्र पाहत नाहीत, आकडा पाहतात.

आकृती गेली ती कायमची, असे साठीच्या दशकात अनेकांना वाटू लागले होते. तसे झाले नाही. बडोद्याच्या कलाशाखेत शिकलेल्या-शिकविणाऱ्या चित्रकारांनी कथा आणि माणसे पुन्हा चित्रात आणली. १९८१ साली मुंबईत व दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन झाले. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन असे सहाजण त्यात होते. त्यानंतर मांडणशिल्पे आली, पडद्यावरची चलच्चित्रे आली, २०१२ पासून कोचीची द्वैवार्षिके आली. त्या साऱ्याचा हिशेब एका भाषणात मावणारा नाही. ह्या सहाजणांपैकी एकाचा मात्र उल्लेख केला पाहिजे.

सुधीर पटवर्धन पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. २००५ पर्यंत ठाण्यात त्यांचा व्यवसाय चालू होता. दिवसा माणसाची हाडे पाहावयाची आणि उरलेल्या वेळात त्याच माणसाला रंगवावयाचे, असा त्यांचा क्रम. इराण्याच्या हॉटेलात एकटा बसलेला माणूस, रेल्वेच्या पुलावरून घरी परतणारी गर्दी, गिरण्या मिटत चाललेले लोअर परळ, हे त्यांचे विषय. ही माणसे त्रिंदादांच्या माणसांसारखी शांत बसलेली नाहीत, आणि सूझांच्या माणसांसारखी ओरडतही नाहीत. ती थकलेली आहेत, पण आपल्या पायांवर उभी आहेत. ह्याच पटवर्धनांनी २००८ च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रकारांच्या मूळ कलाकृतींचे एक फिरते प्रदर्शन जुळवून ते मुंबईबाहेर, महाराष्ट्रातील इतर शहरांत नेले. ज्यांनी गायतोंडे यांच्यासारख्यांची नावे फक्त लिलावाच्या बातमीत वाचली असतील त्यांच्या गावापर्यंत नवे चित्र त्यामुळे चालत गेले, आणि तेथल्या प्रेक्षकांना "ह्यात आहे तरी काय?" हा प्रश्न छापील ठशाऐवजी खऱ्या चित्रासमोर उभे राहून विचारता आला.